वीस किलोंचा दगड

होहोएच्या पुढे, रस्ता लाल व्हायला लागतो तिथे
कोकोच्या बिया घेणाऱ्या कंपनीची पत्र्याची शेड,
आणि शेडच्या तुळईला टांगलेला काटा.
माझे वडील, आग्बेको, त्या काट्याचे कारकून.
सव्वीस हंगाम.

रोज पहाटे, पहिलं पोतं यायच्या आधी
ते नदीतला एक दगड काट्याला लावत.
मिशनच्या दवाखान्यात तोलून आणलेला, बरोब्बर वीस किलो.
काटा विसावर थांबला की टोपी काढत,
ओठ जरासे हलत. मग शेडचं दार उघडत.
लहानपणी मला वाटायचं, ते दगडाचीच प्रार्थना करतात.

बाकीच्या शेडमध्ये स्प्रिंग आवळलेली असे,
पोत्यामागे दोन किलो.
त्या दोन किलोंवर गावात सिमेंटची घरं उठली,
एकाच्या दारात मोटारसायकल आली, एकाचा मुलगा लंडनला गेला.
वर जिल्ह्याच्या गोदामातला काटाही खात असे,
म्हणून जो खाली चोरत नसे
त्याचा माल वर कमी भरे. तूट पगारातून वळती.
मापात पाप करा, नाहीतर खिशातून भरा.
वडील खिशातून भरत.

आई म्हणायची, तुमचा देव हिशेब ठेवतो ना,
मग सेनानूची फीसुद्धा मांडा त्याच्याच वहीत.
ते काही न बोलता तिच्याशेजारी कसावा सोलायला बसत.
आईचंही चुकत नव्हतं. हे मला इथे लिहायलाच हवं.

आणि शेतकऱ्यांना तरी कुठे पटत होतं.
म्हातारा डोत्से पोतं उतरवताना मोठ्याने म्हणे,
सगळेच खातात, हा जरा हळू चावतो.
शेड हसे. वडीलही हसत,
आणि डोत्सेच्या नावापुढे लिहीत
चौसष्ट किलो, दोनशे ग्रॅम.

एका सुगीच्या रविवारी पाळकांनी त्यांना पुढे बोलावलं.
भर मंडळीत नाव घेतलं, खांद्यावर हातमागाचं नवं कापड घातलं.
ढोल वाजले, बायकांनी रुमाल हलवले,
डोत्सेसुद्धा उभा राहून टाळ्या पिटत होता.
मी दहा वर्षांची. मला वाटलं, झाला एकदाचा हिशेब.

त्या रात्री वडील जेवले नाहीत.
पहाटे दगड दोनदा लावला.
मी विचारलं, तर म्हणाले,
"काल टाळ्या फार गोड लागल्या गं.
उद्या त्या थांबल्या तर माझा काटा कुठे थांबेल,
तेवढं बघतोय."
कापड आईने पेटीत ठेवलं. जानेवारीत विकलं.

तरुणपणी, हे त्यांनीच खूप नंतर सांगितलं,
ते चौकात उभे राहून दुसऱ्यांचे काटे उघडे पाडत.
"देवाच्या बाजूने ओरडायचो मी,
कान मात्र लोकांकडे असायचा."
वय वाढलं तसा आवाज उतरत गेला.
शेवटी शेवटी नुसता दगड उरला,
आणि पहाट, आणि कुणी बघत नसताना काढलेली टोपी.

आता काटे इलेक्ट्रॉनिक झालेत.
मी आक्राला, नवव्या मजल्यावर, लेखापरीक्षक.
दगड माझ्या खोलीच्या दाराशी,
कोरडा धुळीचा वारा सुटला की दार आपटू नये म्हणून.
टेबलावर एक ताळेबंद आहे. त्यातला एक आकडा
किंचित, पोत्यामागे दोन किलो इतकाच वाकवलाय.
साहेब माणूस चांगला. माझ्या लग्नाला आला होता.
फक्त सही, म्हणाला, सगळेच करतात.

सही केलेली नाही.
नाही असंही अजून म्हटलेलं नाही.

पहाट होते आहे. मी वाकून दगड उचलते.
तो वीस किलोच आहे.
थरथरतात ते हात माझे.